गोलच्या मागे

फेब्रुवारीत उत्तरेचा वारा सुटला की मला बर्फ आठवतो. मेलबर्नला हा वारा आतल्या वाळवंटाकडून येतो. कोणीतरी भट्टीचं दार उघडं टाकलंय असं वाटतं, दोरीवरचे कपडे बघता बघता कडक होतात, आणि ग्लेन वेव्हर्लीतल्या आमच्या रस्त्यावर माणूस सोडाच, मॅगपायसुद्धा चोच उघडी टाकून सावलीत बसून राहतो. अशा वेळी शहाण्या माणसाला ताक आठवावं, समुद्र आठवावा. मला आठवतं ते जगाच्या दुसऱ्या टोकाला एका तळ्याच्या काठी तयार केलेलं बर्फाचं मैदान, त्यामागची पाइनची काळपट झाडं, आणि आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या कडेला स्टीलचा तांब्या घेऊन उभे असलेले पप्पा.

आज सकाळपासून तोच वारा आहे. पडदे ओढून घेतलेत आणि चहा पिण्यात काही अर्थ नाही हे माहीत असून चहा केलाय.

मला आइस हॉकीचं वेड आहे, ही गोष्ट वसईत कोणाला सांगायची सोय नाही. लग्नाआधी मी दोन हिवाळे कॅनडात नोकरीला होते, तेव्हाची ही लागण. जिच्या घरी भाड्याने राहायचे ती म्हातारी एरवी चर्चच्या गायनमंडळात गाणारी सालस बाई, पण मॅच लागली की विणकामाच्या सुया परजून रेफरीला असं काही बोलायची की मी मान खाली घालायचे. दुसऱ्या हिवाळ्यात मीही बोलायला लागले. पुढे नवऱ्याबरोबर मेलबर्नला आले, पण निळ्या जर्सीवाली माझी टीम काही सुटली नाही. इथल्या ऑफिसात सोमवारी सगळे फूटीवर, म्हणजे इथल्या फुटबॉलवर, बोलतात. मी आपली कोपऱ्यात बसून अशा मॅचबद्दल सुस्कारे टाकते, जी इथे कोणाच्या गावी नसते. सुनील, माझा नवरा, पाहुण्यांना सांगतो, "लग्न ठरवताना हिच्या पप्पांनी बाकी सगळं सांगितलं, एवढंच लपवलं."

पप्पांनी काही लपवलं नव्हतं, कारण त्यांच्या मते तो खेळच नव्हता. पप्पा खऱ्या हॉकीतले. वसईत भात कापून झालं की देवळामागचं मैदान मोकळं व्हायचं, बावखलातून पाणी आणून धूळ बसवायची आणि चारच्या उन्हात वाड्या-वाड्यांच्या मॅचेस रंगायच्या. बावखल म्हणजे आमच्याकडे प्रत्येक वाडीत असतं ते छोटं तळं. पप्पा गोलकीपर होते. पायाला गोणपाटात काथ्या भरून शिवलेले पॅड बांधायचे, आणि ते ओले झाले की जनावराला येतो तसा वास यायचा, असं ते अभिमानाने सांगत. माझी आइस हॉकी त्यांनी एकदा पाच मिनिटं बघितली आणि निकाल दिला, "ही घसरगुंडी आहे. हॉकीला पायाखाली माती लागते."

त्यांच्या आठवणींत एक माणूस कायम असायचा. त्यांचे थोरले भाऊ, माझे आंतोनकाका. काकांना स्वतःला खेळता येत नसे, पण पप्पांच्या प्रत्येक मॅचला ते पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या गोलच्या मागे उभे राहायचे. हाफटाइमला बाजू बदलली की तांब्या न सांडता अख्ख्या मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलमागे जायचे, आणि पोचले की एवढंच म्हणायचे, "आलो रे." गोलकीपरला मागे वळून बघता येत नाही ना, म्हणून. मग मॅचभर हळू आवाजात चालू. पुढे ये. डावीकडे बघ. आई आलीये बघायला, नीट उभा राहा. दुपारी भाकरी खाल्लीस का नाही? लोक हसायचे. काका म्हणायचे, "बाकीचे दहा जण एकमेकांबरोबर धावतात. हा एकटा असतो."

ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की मी ती ऐकेनाशी झाले होते.

कोरोना आला त्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला पप्पा आमच्याकडे आले ते मिशेलच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, पहिल्या कम्युनियनसाठी. मम्मी जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. बॅगेत वसईच्या शिंप्याने शिवलेला पांढरा फ्रॉक, सुकट, आणि ईस्टर करून परत जायचं तिकीट. आठवडाभरात चर्च बंद झालं, मग शाळा, मग विमानं. फ्रॉक कपाटात लटकत राहिला. मिशेल मात्र ताडमाड वाढत गेली, आणि शेवटी कम्युनियन झाला तेव्हा तो फ्रॉक तिच्या खांद्यातही जाईना. शेजारच्या घरातल्या फिलिपिनो मुलीला तो दिला. पप्पांनी स्वतः इस्त्री करून दिला.

तो हिवाळा मेलबर्नमधल्या कुणालाही विसरता येणार नाही. पाच किलोमीटरच्या वर्तुळात जगायचं, दिवसातून एकदा मास्क लावून चालायला जायचं, रस्त्यात माणूस दिसला की दोघांपैकी एकाने फुटपाथकडेच्या गवताच्या पट्टीवर उतरायचं. मिशेलची शाळा जेवणाच्या टेबलावर, सुनीलचं ऑफिस बेडरूममध्ये, माझं गॅरेजमध्ये हीटरजवळ. पप्पांना त्यातही सूर सापडला होता. मागच्या अंगणात माठाची भाजी लावली, लिंबाच्या झाडाची छाटणी केली. रोज संध्याकाळी काकांशी व्हिडिओ कॉल. दोघं भाऊ फोन इतका जवळ धरायचे की याला त्याचा कान दिसे आणि त्याला याचं कपाळ. बोलणं एकच. विमान कधी सुटतंय? सुटेल. विहिरीचं पाणी कसं आहे? आहे. मग दोघंही नुसते बसून राहायचे, कॉल चालू ठेवून.

ऑगस्टमध्ये काकांना ताप आला. आठ दिवसांत ते गेले.

दफनविधी आम्ही फोनवर बघितला. काकांच्या मुलाने, नेल्सनने, दफनभूमीच्या गेटपाशी उभं राहून फोन धरला होता. त्याच्या पुढे कोणाला सोडत नव्हते. पाऊस लागला होता, चित्र मधेच गोठायचं. प्लास्टिकच्या पोशाखातली चार माणसं, दूरवर फादरांची छत्री, आणि पायाच्या बाजूने दिसणारी पेटी. पप्पा सोफ्याच्या टोकाला बसले होते. त्यांनी विचारलं, "डोक्याकडे कोण आहे?"

मी म्हटलं, "पप्पा, कोणाला सोडत नाहीयेत."

"डोक्याकडे कोण आहे, ते विचार त्याला."

मी नेल्सनला विचारलं. त्याला ऐकू गेलं नाही, किंवा काय विचारतेय ते कळलं नाही. पप्पा उठून आपल्या खोलीत गेले.

त्या दिवसापासून त्यांनी काचेत बघणं बंद केलं. टीव्ही लागला की उठून अंगणात जायचे. नेल्सनचा फोन आला की म्हणायचे, चित्र बंद कर, नुसतं बोल. रविवारी लॅपटॉपवर चर्चची मिस्सा लागली की ते किचनच्या दारात पाठ करून उभे राहायचे आणि तिथूनच उत्तरं द्यायचे. बोलणं कमी कमी होत गेलं. पुढे लॉकडाउन उठला, लोक कॅफेबाहेर बसून हसायला लागले, पण पप्पांचं काही उघडलं नाही. माठ वाळून गेला. एकदा भांडी पुसता पुसता ते सहज म्हणाले, "मला इथे काही झालं तर तिकडे न्यायच्या भानगडीत पडू नका." मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. त्या उन्हाळ्यात मला भीती होती ती एकच. विमानं एक दिवस सुरू होतीलच, पण तोवर पप्पा आतून इतके विझलेले असतील की घरी परत पाठवायला माझे पप्पा उरणार नाहीत.

आणि मग तो फेब्रुवारीतला रविवार आला. आठवड्याभरापूर्वीच आमच्याकडे पुन्हा एक छोटा लॉकडाउन होऊन गेला होता. असाच उत्तरेचा वारा. माझ्या टीमची मॅच होती, आणि तीही उघड्यावर. एरवी अशी मॅच मोठ्या स्टेडियममध्ये होते, हजारो लोक गोधड्या-टोप्या घेऊन येतात. त्या वर्षी लोकांना बंदी होती, म्हणून त्यांनी डोंगरांच्या कुशीत एका तळ्याकाठी नुसतं बर्फाचं मैदान केलं. खुर्च्या नाहीत, माणसं नाहीत. एका बाजूला निळंशार पाणी, दुसऱ्या बाजूला झाडं.

आमच्याकडे सकाळ होती, तिकडे दुपार. मी चहा घेऊन बसले आणि आवाज अगदी बारीक ठेवला. उगाच पप्पांना उठून जावं लागू नये. गर्दी नसल्यामुळे सगळं ऐकू येत होतं. स्केटची पाती बर्फावर खरवडली की येतो तो आवाज, काठीला चकती, म्हणजे या खेळातला चेंडू, लागली की होणारा टक्, खेळाडूंनी एकमेकांना मारलेल्या हाका. कॅनडातल्या त्या म्हातारीच्या घरामागचं गोठलेलं डबकं आठवलं, तिथे मुलं अंधार पडेपर्यंत खेळायची. या उकाड्यात, घामेजल्या नाइटीत मी बर्फाच्या आठवणीने रडतेय, हे सुनीलने पाहिलं असतं तर महिनाभराची सोय झाली असती.

पप्पा तांब्या भरायला किचनकडे निघाले होते. वसईहून आणलेला हा तांब्या ते उशाशी ठेवायचे. टीव्हीसमोरून जाताना ते थबकले. त्या वेळी माझ्या टीमचा गोली, म्हणजे गोलकीपर, जवळून दाखवत होते. तोंडावरची जाळी वर करून तो पाणी पीत होता.

"ही बाटली कुठे होती?" पप्पांनी विचारलं.

मी दचकलेच. "गोलच्या वर, पप्पा. जाळीवर ठेवलेली असते."

"कोण ठेवतं?"

"तोच ठेवतो."

ते बघत राहिले. "मागे कोणी नाही?"

"यंदा कोणालाच परवानगी नाही."

"मग हे खेळतात कोणासाठी?"

मी म्हटलं, "आपल्यासाठी असेल." पप्पा हं म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. ते काचेत बघत होते.

तेवढ्यात मैदानावर काहीतरी बिनसायला लागलं. तिकडचं ऊन कडक निघालं होतं. बर्फ वरून पाणावला, खेळाडूंचे पाय अडकायला लागले, चालता खेळाडू उगाचच तोंडावर पडायचा. रेफरीसुद्धा पडला. पहिला भाग कसाबसा संपला आणि जाहीर झालं की खेळ थांबवतोय, उरलेला अंधार पडल्यावर.

"पाणी मारायचं की," पप्पा म्हणाले. वसईच्या मैदानावर सगळ्या दुखण्यांवर तेवढंच एक औषध.

मिशेल नुकतीच उठून आली होती. "आजोबा, वॉटर इज द प्रॉब्लेम."

आणि पप्पा हसले. सहा महिन्यांनी. फार नाही, पण दात दिसले. मी मिशेलला खुणेने गप्प केलं. न जाणो, अजून काही बोलून बसायची.

तिकडचा अंधार म्हणजे आमचे दुपारचे चार. मधल्या वेळात मिस्सा झाली, तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण झालं, सुकटीच्या वासापायी खिडक्या उघडाव्यात तर गरम वारा आत. जेवताना पप्पांनी तीनदा विचारलं, "त्यांचं ऊन उतरलं का?" सुनील म्हणाला, "पप्पा, तुम्ही झोपा जरा, आय विल वेक यू अप." पप्पा झोपले नाहीत. साडेतीनला तांब्या भरून हॉलमध्ये आले.

चार वाजता टीव्हीवर रात्र झाली. आमच्याकडे पडद्यांच्या फटींतून ऊन आत घुसत होतं आणि तिकडे काळ्या आभाळाखाली दिव्यांच्या झोतात बर्फ दुधासारखा पांढरा दिसत होता. खेळाडूंच्या तोंडातून वाफा निघत होत्या. पप्पांनी विचारलं, "आपला गोली कुठल्या बाजूला?"

"आता डावीकडे. बाजू बदलली ना."

ते चालत गेले आणि टीव्हीच्या डाव्या अंगाला, भिंतीला खेटून उभे राहिले. तिथून त्यांना चित्र तिरकंच दिसत असणार.

"पप्पा, बसा ना इथे," सुनील म्हणाला. "तिथून काय दिसणार?"

"मला दिसायची गरज नाही," पप्पा म्हणाले. मग मान जरा टीव्हीकडे झुकवून हळूच म्हणाले, "आलो रे."

एवढ्या वर्षांची ती ऐकेनाशी झालेली गोष्ट उठून माझ्या हॉलमध्ये उभी राहिली होती.

अख्खा भाग ते बोलत होते. पुढे ये. अजून पुढे. त्या उंच पोरावर लक्ष ठेव, तो दगाबाज आहे. खाल्लंस का काही? सुनीलने माझ्याकडे बघितलं, मी नको म्हणून मान हलवली, आणि त्या भल्या माणसाने टीव्हीचा आवाज आणखी कमी केला. भाग संपला, बाजू बदलली. पप्पा टीव्हीसमोरून न जाता सोफ्यामागून, डायनिंग टेबलाला वळसा घालून, तांब्या न सांडता उजव्या बाजूला पोचले. "आलो रे."

शेवटची काही मिनिटं राहिली असताना समोरची टीम तुटून पडली. आमच्या गोलीने एक अडवला, दुसरा अडवला, तिसऱ्याला आडवा पडला आणि तो पडलेला असताना चकती त्याच्या खांद्यावरून आत गेली. आम्ही हरलो. निळे खेळाडू मान खाली घालून निघाले. गोली तसाच गुडघ्यांवर बसून होता. पप्पा त्याला म्हणाले, "ऊठ. चांगला खेळलास. मी होतो इथे."

मग ते भिंतीला पाठ लावून खाली बसले आणि रडले. ऑगस्टपासून साठलेलं सगळं. "दादाच्या डोक्याकडे कोणी नव्हतं," ते म्हणाले. "सगळा जन्म तो माझ्या मागे उभा राहिला, आणि त्याला पुरताना त्याच्या मागे कोणी नव्हतं. मी तुला विचारत होतो, कोण आहे, कोण आहे."

त्यांनी त्या दिवशी काय विचारलं होतं, ते मला इतक्या महिन्यांनी कळलं. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. मिशेल उठली आणि पप्पा आणि टीव्हीच्या मधल्या जागेत जाऊन शिरली. "स्कूच ओव्हर, आजोबा," ती म्हणाली. पप्पांनी पाय आवरून तिला जागा करून दिली.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःहून नेल्सनला फोन लावला आणि सांगितलं, "चित्र चालू कर. मला दादाची कबर दाखव." नेल्सन दुसऱ्या दिवशी गेला. पप्पांनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, डोक्याकडच्या क्रॉसच्या मागे माणूस उभा राहील एवढी जागा आहे का? नेल्सन म्हणाला, आहे.

नंतरचा हिवाळाही घरातच गेला. आमचं शहर पुन्हा पुन्हा बंद होत राहिलं, पण मागच्या अंगणात पुन्हा माठ उगवला. त्या मोसमातल्या उरलेल्या मॅचेस पप्पांनी माझ्याबरोबर बघितल्या, एकही न बसता. खेळाबद्दलचं त्यांचं मत तसूभरही बदललं नाही. घसरगुंडी ती घसरगुंडीच, पण गोली बिचारा गोली. आता कधी मला वाटतं, त्या कोंडलेल्या दिवसांची आठवण काढून हुरहुर वाटणं बरोबर नाही, इतकी माणसं गेली त्यात. तरी वाटतेच. पप्पांचं आणि माझं तेवढं सलग राहणं पुन्हा कधी झालं नाही, आणि आता होणारही नाही. ते वसईत आहेत, पाय दुखतात, विमान नको म्हणतात. मॅच असली की मी त्यांना व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीच्या कडेला टेकवून ठेवते, आमचा गोली असेल त्या बाजूला. भाग संपला की उठून तो दुसरीकडे नेऊन ठेवते.

त्या दुसऱ्या हिवाळ्यानंतर सीमा उघडल्या, तसे ते मिळालेल्या पहिल्या विमानाने गेले. एअरपोर्टवर तांब्या बॅगेत टाकायला तयार नव्हते, हातातच घेऊन गेले. वसईला पोचले ते सकाळी, आणि घरी चहासुद्धा न घेता सरळ दफनभूमीत. नेल्सनने मला कॉल लावला होता. या वेळी फोन जवळ होता, चित्र स्वच्छ होतं. घरची सगळी माणसं कबरीच्या पायथ्याशी उभी होती, आमच्याकडे उभी राहतात तशी, क्रॉसकडे तोंड करून. फादरांनी प्रार्थना सुरू करायला पुस्तक उघडलं. पप्पा मात्र त्या घोळक्यात थांबले नाहीत. तांब्या दोन्ही हातांत धरून, शेजारच्या कबरींना वळसा घालून ते हळूहळू पलीकडे निघाले. कोणीतरी म्हणालं, "इकडे या ना, तिकडे कुठे चाललात?" फादर पुस्तक धरून थांबून राहिले. पप्पा क्रॉसच्या मागे पोचले, तांब्या खाली ठेवला, नीट उभे राहिले, आणि जरासं वाकून म्हणाले, "आलो रे, दादा."